स्वस्त डिझेल मोटार : घ्यावी कीं न घ्यावी ?

कांद्याचे अगर द्राक्षांचे पैसे हातीं आले, कीं आमच्या भागांत जुन्या मोटारींचे दलाल फिरूं लागतात. नव्या मोटारीची किंमत सात-आठ लाखांच्या घरांत. हे गृहस्थ मात्र दीड-पावणेदोन लाखांत डिझेलची मोटार दारांत आणून उभी करतात. मोटार धुतलेली, बैठकीवर नवें कापड, रंग चकचकीत. मीटरवरील आंकड्याविषयीं शंका काढली, तर "डिझेलचें इंजिन आहे, त्याला काय होतें?" हें उत्तर ठरलेलें असतें. या एका उत्तरावर विश्वासून माझ्या घरांत काय झालें तें सांगावें, आणि त्यावरून माझें जें मत बनलें तें शेतकरी बंधूंपुढें ठेवावें, म्हणून हा लेख लिहीत आहें.

मी कांहीं यंत्रशास्त्री नव्हे. तहसील कचेरींत कारकून म्हणून माझी उभी हयात सातबारे, फेरफार आणि वसुलीचे तक्ते लिहिण्यांत गेली. नुकताच निवृत्त झालों. हिशेब आणि कागद एवढ्या दोनच गोष्टी मला कळतात. परंतु जुनी मोटार घेणें हें बरेंचसें याच दोन गोष्टींचें काम आहे, हें मला थोडें उशिरां उमगलें.

माझ्या धाकट्या भावाचीं मूत्रपिंडें निकामी झाल्यामुळें २०२३ सालापासून त्यास आठवड्यांतून दोनदां डायलिसिसकरितां नाशिकास न्यावें लागतें. आमचें गांव नाशिकपासून ५२ किलोमीटर. जातांना तो एस. टी.नें जाऊं शकतो. परततांना अंगांत उभें राहण्याचें त्राण नसतें. प्रथम आम्ही भाड्याची गाडी करीत असूं. एका खेपेस १,८०० रुपये. वर्षाच्या १०४ खेपा धरल्या तर १,८७,२०० रुपये. हा आंकडा मीं कागदावर मांडला तेव्हां पुतण्या म्हणाला, "अण्णा, एवढ्यांत तर आपली स्वतःची गाडी येते." त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. आणि त्याच आठवड्यांत दलाल दारांत आला.

मोटार २०१२ सालची, मीटरवर ९४,००० किलोमीटर, मागणी १,६०,००० रुपये. १,४५,००० वर सौदा पटला. यास माझी संमति होती, हें येथें कबूल केलें पाहिजे. पुतण्यानें विचारलें आणि मीं आर. सी. पुस्तक उघडूनहि न पाहतां मान हलविली. ज्यानें तीस वर्षें लोकांस 'सातबारा पाहिल्याशिवाय इसार देऊं नका' म्हणून बजावलें, त्यानेंच.

तिसऱ्या महिन्यांत नाशिकहून परततांना चढावर गाडी काळा धूर ओकूं लागली आणि जागच्या जागीं बंद पडली. रात्रीचे साडेआठ वाजले होते. भाऊ मागच्या बाकावर निजलेला. दुसरी गाडी येईपर्यंत दोन तास गेले. तेवढ्या वेळांत तो एकदांच बोलला, "अण्णा, पुढच्या वेळीं भाड्याचीच गाडी करूं."

मिस्तरीनें गाडी उघडून सांगितलें, कीं चार इंजेक्टरांपैकीं दोन गेलेले आहेत, टर्बो ढिला झाला आहे आणि क्लच संपत आला आहे. दुरुस्तीचा अंदाज ६८,००० रुपये. पुढें सर्व्हिस केंद्रांत गाडीचा क्रमांक देऊन जुनी नोंद काढविली, तेव्हां २०१९ सालींच तिनें १,७१,००० किलोमीटर ओलांडले असल्याचें निघालें. मीटर मागें फिरविलेलें होतें.

डिझेलवर शेतकऱ्याचा विश्वास आहे तो उगाच नाहीं. विहिरीवर वीज येण्यापूर्वीं ऑइल इंजिन धडधडत असे. किर्लोस्करांची ऑइल इंजिनांची कंपनी पुण्यास १९४६ सालीं निघाली, आणि त्या जातीचीं इंजिनें कित्येक घरांत बापानंतर मुलानें चालविलीं. तें इंजिन मंद गतीचें. लोखंड जाड, पंप साधा. बिघडलें तर गांवचा मिस्तरी चार पाने घेऊन बांधावरच उघडी. थोडें मळकें डिझेल गेलें तरी खोकून पुन्हां चाले. आजच्या मोटारींतील इंजिन याचें नांव तेवढें चालवितें. १९९७ च्या सुमारास प्रवासी मोटारींत कॉमन रेल नांवाची पद्धति आली, आणि पुढील दहा-पंधरा वर्षांत आपल्याकडेहि तीच रूढ झाली. तींत हवेच्या दाबाच्या दीड हजारपट व त्याहूनहि अधिक दाबानें डिझेल फवारलें जातें. तें केव्हां आणि किती सोडावयाचें हें विजेवर चालणारी एक पेटी ठरविते. द्राक्षांवर फवारणी करणारांस हें निराळें समजावून द्यावयास नको. नोझलाचें छिद्र झिजलें म्हणजे औषध कसें धारेनें पडतें, आणि वेलीची काय गत होते, हें आपण पाहतों. इंजेक्टरचीं छिद्रें त्याहून कितीतरी बारीक, जवळ जवळ केंसाच्या जाडीचीं. पिंपांत सांठविलेलें, तळाशीं पाणी उतरलेलें डिझेल जुन्या ट्रॅक्टरला पचतें. या इंजिनाला तें पचत नाहीं.

इतकें असूनहि 'फार चाललेली मोटार वाईट' असें माझें मत नाहीं. ट्रॅक्टर घेतांना आपण तासांचा आंकडा पाहतों, पण लगेच विचारतों कीं हे तास नांगरटीचे कीं ट्रॉली ओढण्याचे? मोटारीलाहि हाच प्रश्न करावा. नाशिक-पुणें हमरस्त्यावर दोन लाख किलोमीटर झालेली गाडी एकदां तापली म्हणजे तीन-चार तास एका चालीनें चालते. तिच्या क्लचला काम थोडें, आणि आंतली काजळीहि सांठत नाहीं. उलट शाळा, बँक, बाजार अशा दोन-दोन किलोमीटरांच्या फेऱ्या मारणारी गाडी कधीं पुरती तापतच नाहीं. तिच्या झडपांत काजळी धरते, क्लच रोज शंभर वेळां दाबला जातो, आणि मीटरवर मात्र साठच हजार दिसतात. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुराच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी बसविलेली असते. ती जाळी मोकळी होण्यास इंजिन बराच वेळ तापून चालावें लागतें. गांवांतल्या गांवांत फिरणाऱ्यानें तशी गाडी घेऊंच नये. त्याच सुमारास मारुतीनें डिझेल मोटारी बनविणेंच सोडून दिलें. त्यामुळें बाजारांत ज्या स्वस्त लहान डिझेल मोटारी दिसतात त्यांतील पुष्कळशा २०२० पूर्वींच्या आहेत, आणि दर वर्षीं त्या एका वर्षानें म्हाताऱ्या होत आहेत, हेंहि ध्यानांत असावें.

आतां हिशेब. २०१२ सालीं पेट्रोल व डिझेल यांच्या भावांत लिटरमागें तीस रुपयांच्या आसपास अंतर होतें, कारण डिझेलचा भाव सरकार बांधून देत असे. ऑक्टोबर २०१४ मध्यें तें बंधन उठलें. २०२५ सालीं महाराष्ट्रांत हें अंतर तेरा-चौदा रुपयांवर आलेलें होतें. लोकांच्या मनांत मात्र २०१२ चाच भाव बसून राहिला आहे. ठोकळ मानानें पेट्रोल १०४ व डिझेल ९१ रुपये लिटर धरूं; पेट्रोलची लहान मोटार लिटरला १६ व डिझेलची २० किलोमीटर जाते असें समजूं. पेट्रोलचा खर्च किलोमीटरला साडेसहा रुपये आणि डिझेलचा चार रुपये पंचावन्न पैसे पडला. वांचले १ रुपया ९५ पैसे.

आमच्यापैकीं बहुतेकांची मोटार महिन्याला पांचशे किलोमीटरांहून अधिक चालत नाहीं. तालुक्याचा बाजार, एखादें लग्न, वर्षांतून एकदां पंढरपूर. म्हणजे वर्षाचे ६,००० किलोमीटर आणि बचत ११,७०० रुपये. डिझेल गाडीचें ऑइल जास्त लागतें, फिल्टर महाग, देखभालीचा दर अधिक. त्यांत चार-पांच हजार जातात. उरले सात हजार. एक इंजेक्टर बिघडला कीं एका वर्षाची बचत गेली, दोन बिघडले कीं दोन वर्षांची. म्हणून ज्याची चाल वर्षास पंधरा हजार किलोमीटरांच्या आंत आहे, त्यानें इंधनाच्या बचतीसाठीं जुनी डिझेल मोटार घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे. त्यानें पेट्रोलची जुनी गाडी पहावी. आणि ज्यास महिन्यांतून दोनच वेळां गाडी लागते, त्यानें कोणतीच घेऊं नये, भाड्याची करावी. दारांत गाडी उभी असली म्हणजे प्रतिष्ठा वाढते असें म्हणतात. वाढत असेल; पण विमा, टायर आणि बॅटरी हीं उभ्या गाडीलाहि खातात.

आमची गोष्ट निराळी होती. डायलिसिसच्या खेपांचेच १०,८१६ किलोमीटर, आणि इतर कामांचे धरून वर्षाचे साडेसतरा हजार. बचत ३४,००० रुपयांवर जाते. आमच्यासारख्यास डिझेल परवडतें. परंतु खरी अडचण येथेंच आहे. ज्याची धांव मोठी त्यालाच डिझेल परवडतें, आणि बहुधा त्यालाच गाडी रस्त्यांत बंद पडून चालत नाहीं. यावर मला एकच तोड सांपडली. हातांत दोन लाख असतील तर दीड लाखाची गाडी पहावी, आणि पन्नास हजार बँकेंत निराळे ठेवावे. ते पहिल्या दोन वर्षांत लागणारच, तो गाडीच्या किंमतीचाच भाग आहे, असें समजावें. ज्यास हे पन्नास हजार बाजूस काढतां येत नाहींत, त्यास ती गाडी घेतां येत नाहीं, मग दलाल किंमत कितीहि उतरवो. पीककर्जाची रक्कम उचलून तींत मोटार घेणारेहि मीं पाहिले आहेत. वसुलीच्या तक्त्यांत त्यांचीं नांवें पुढें मीच लिहिलीं, एवढेंच सांगतों.

कागदांविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण तें माझें क्षेत्र आहे. आर. सी. पुस्तक हा मोटारीचा सातबारा समजावा. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा असतो तसा येथें कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटलें असें मालक तोंडानें सांगतो. पण फॉर्म ३५ व बँकेचा ना-हरकत दाखला देऊन तो बोजा उतरविल्याशिवाय पैसे देऊं नयेत. सरकारच्या 'वाहन' संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घातला कीं बोजा, विम्याची मुदत, आणि आजवर कितवा मालक आहे हें दिसतें. थकलेलीं ई-चलानें निराळीं पाहावीं. गाडी दुसऱ्या आर. टी. ओ. कचेरीच्या हद्दींतील असेल तर तेथील ना-हरकत दाखला, म्हणजे फॉर्म २८, लागतो; आणि नांव बदलण्यास फॉर्म २९ व ३०. हा आपला फेरफारच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत कचेरीस कळवावयाचें असतें. 'गाडी तर दिली, नांव सवडीनें होईल' असें म्हणून शेतकरी येथेंच फसतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं निर्वाळा दिला आहे, कीं कचेरीच्या दप्तरीं ज्याचें नांव आहे तोच मालक. मधल्या काळांत अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर. म्हणून जुनी गाडी विकणाऱ्यानें तर घेणाऱ्याहून अधिक घाई केली पाहिजे. विमाहि १४ दिवसांत नांवावर करून घ्यावा. जुन्या मालकाची 'नो क्लेम'ची सूट नव्या मालकास मिळत नाहीं.

अलीकडे दिल्लीकडील गाड्या फार स्वस्त मिळतात असें ऐकूं येतें. त्याचें कारण गाडी चांगली हें नव्हे. राजधानी प्रदेशांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं बंदी केली, सर्वोच्च न्यायालयानें ती २०१८ सालीं कायम केली, आणि २०२५ सालीं तींत कांहीं फेरबदल झाले. त्या गाड्या इतर राज्यांत येऊं लागल्या. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक येथें ठेवावयाची तर नवा क्रमांक घ्यावा लागतो व महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो मिळवून किंमत पहावी. गाडी पंधरा वर्षांची झाली कीं नोंदणीचें नूतनीकरण आलें. त्याची फी २०२२ पासून मोटारीस ५,००० रुपये झाली, वीस वर्षांवरील गाडीस २०२५ मध्यें १०,००० झाली, आणि पर्यावरण कर निराळा. चौदा वर्षांची गाडी स्वस्त कां, याचें उत्तर यांत आहे.

पाहणी सकाळीं करावी, इंजिन थंड असतांना. आपण पोंचण्यापूर्वींच मालकानें तें तापवून ठेवलें असेल, तर बॉनेटवर हात ठेवतांच कळतें. तेथूनच परत फिरावें. काळा धूर म्हणजे डिझेल अर्धवट जळतें, निळा म्हणजे ऑइल जळतें; पांढरा धूर इंजिन तापल्यावरहि थांबत नसेल तर पाणी आंत शिरत असण्याचा संभव. ऑइल काळें दिसलें म्हणून भिऊं नये, डिझेल इंजिनाचें ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळें होतें. मात्र इंजिन चालू असतां ऑइलचें झांकण सैल करावें. तेथून धूर भसाभस बाहेर येऊं लागला तर रिंगा झिजल्या म्हणून समजावें. चढावर तिसऱ्या गिअरमध्यें जोर द्यावा. आवाज वाढतो आणि वेग वाढत नाहीं, तर क्लच संपला. कांहीं इंजिनांत टायमिंगचा पट्टा असतो, कांहींत साखळी. पट्ट्याचें इंजिन असेल तर तो केव्हां बदलला त्याची पावती मागावी. चालू इंजिनांत पट्टा तुटला तर व्हॉल्व वांकतात आणि इंजिनच उघडावें लागतें. मीटरवर ४०,००० आणि ब्रेकच्या पायपट्टीचें रबर झिजून गुळगुळीत, हें जुळत नाहीं. टायरच्या अंगावर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढील दोन वर्षाचे. गाडी २०१६ ची, चालली म्हणे तीस हजार, आणि चारहि टायर २०२० चे, तर पहिले टायर कोठें झिजले हें विचारावें. सर्वांत मोठें काम म्हणजे आपला मिस्तरी बरोबर नेणें. त्याचे हजार-दीड हजार रुपये वांचविण्यापायीं आम्हीं काय घालविलें तें वर आलेंच आहे.

त्या पहिल्या गाडीचें पुढें काय झालें? शेजारच्या गांवचा एक शेतकरी मीटर पाहून ८५,००० देण्यास तयार झाला. पुतण्या हळूच म्हणाला, "अण्णा, आपल्याला जशी मिळाली तशीच देऊं." मीं त्या गृहस्थास सर्व्हिसची नोंद दाखविली. तो चहा पिऊन निघून गेला. शेवटीं गाडी एका ग्यारेजवाल्यानें सुट्या भागांसाठीं ५२,००० ला नेली. तीन महिन्यांत ९३,००० रुपये गेले, आणि पुतण्या दोन दिवस माझ्याशीं बोलला नाहीं.

दुसरी गाडीहि डिझेलचीच घेतली, हें पाहून पुष्कळांस आश्चर्य वाटलें. ती एका निवृत्त शिक्षकाची, २०१४ सालची. मीटरवर १,९४,००० किलोमीटर. परंतु त्यांनीं प्रत्येक वेळीं ऑइल, फिल्टर, टायर केव्हां बदलले तें वहींत तारीखवार लिहून ठेवलेलें होतें, आणि पावत्या वहीला टांचलेल्या. सकाळीं सात वाजतां थंड गाडी त्यांनीं माझ्यासमोर चालू केली. किंमत १,८०,०००, त्यांत एक रुपया कमी केला नाहीं, आणि मींहि फारसें मागितलें नाहीं. नांव बदलून झाल्यावर ५५,००० रुपये भावाच्या नांवें बँकेंत निराळे ठेवले.

मीटरवर आज २,२३,००० आहेत. गेल्या पावसाळ्यांत क्लच बदलला, ११,४०० रुपये. एक इंजेक्टर दुरुस्त करून घेतला, ७,५०० रुपये. राखीव रकमेपैकीं ३६,१०० शिल्लक आहेत. शिक्षकांच्या त्याच वहींत आतां पुतण्या लिहितो. मंगळवारीं आणि शुक्रवारीं सकाळीं साडेसहाला गाडी निघते.